चाळीस पडद्यांवरचं पत्र

संगणक संस्थेच्या लॅबमध्ये चाळीस मशीनं होती आणि एकाच्याही पोटात स्वतःची डिस्क नव्हती. सकाळी बटण दाबलं की सगळी कोपऱ्यातल्या सर्व्हरपुढे हात पसरत, आणि तो केबलमधून सगळ्यांना एकच इमेज, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅम-फाइलींची तयार प्रत, वाढे. त्यामुळे सगळ्यांचा पडदा सारखा, फाइली सारख्या. मुलांनी दिवसभर काहीही उद्योग केले तरी मशीन बंद करून सुरू केलं की पाटी कोरी. ही इमेज सांभाळणाऱ्या काकांना ऑफिसात 'चाळिसांचा बाप' म्हणत. अगदी तोंडावर म्हणत. काका चिडतच नसत, त्यामुळे चिडवणाऱ्यांची पंचाईत व्हायची.

सख्खी मुलगी मात्र एकच. ती दुसऱ्या शहरात, आणि दोन वर्षं बोलत नव्हती. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कुजबुजतच सांगायचं. बायको दवाखान्यात अखेरच्या घटका मोजत होती त्या दुपारी मुलीने चार फोन केले. चारही वेळा काका म्हणाले, "वर्ग खोळंबलाय गं, एवढी इमेज चढवतो आणि निघतो." पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

घरी भिंतींशी माणूस बोलून बोलून किती बोलणार? काका लॅबमध्येच बसून राहत. डबा खाऊन झाला की मूळ इमेजच्या मशीनवर मुलीला पत्र लिहीत. एक ओळ लिहायची, दोन खोडायच्या. पाठवायचा धीर काही होत नव्हता.

त्या मंगळवारी नवं सॉफ्टवेअर घालून काकांनी इमेज पक्की केली आणि पत्र पडद्यावरून हलवायला साफ विसरले. बुधवारी वर्ग भरला, चाळीस पडदे उजळले, आणि चाळिसांवर एकच फाइल: 'छकुलीस'. मुलं ती न उघडतील तर मुलं कसली! पाच मिनिटांत लॅब अशी गप्प झाली, जशी परीक्षेतही होत नसे.

एका मुलीला दया आली. तिने फाइल पुसली, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. 'छकुलीस' पुन्हा हजर.

"काका, हे जातच नाही हो."

"मुळातच आहे ते, बाळ. तिथूनच काढावं लागेल."

वर्ग बाहेर काढून काकांनी दार लोटलं. तेवढ्यात हेडक्लार्क बाई आत घुसल्या. ऑफिसातली कुठलीही बातमी बाईंच्या टेबलावरून गेल्याशिवाय शिळी होत नसे.

"काढताय?"

"काढतो. शोभा झाली तेवढी पुरे."

"पोरांनी वाचलं, मी वाचलं, शिपायाने तर दोनदा वाचलं. जिला लिहिलंत ती तेवढी राहिली."

"बाई, टिंगल करू नका."

"टिंगल रोज करते. आज नाही."

बाई गेल्या. काकांनी फाइलवर बाण नेला. ही पुसली की दुसरी प्रत कुठेच नव्हती. बराच वेळ बोट अडून राहिलं. मग त्यांनी मेल उघडला, फाइल जोडली, विषय सुचेना म्हणून रिकामाच ठेवला आणि पाठवून दिलं. फाइल पुसून इमेज पुन्हा पक्की करायला घेतली. पडद्यावरची प्रगतीची पट्टी निम्म्यावर आली आणि फोन वाजला.

"बाबा, हे आत्ता पाठवलंत?"

"हो."

दारावर थाप पडली. "काका, अजून किती वेळ?"

पलीकडे ते ऐकू गेलं. "वर्ग खोळंबलाय ना? ठेवते मग."

"ठेवू नकोस," काका म्हणाले. "खोळंबू दे."

तिने फोन ठेवला नाही. समोर इमेज तयार होऊन काकांच्या होकाराची वाट पाहत होती. काकांनी खुर्ची फिरवली आणि पडद्याकडे पाठ केली.