डब्यावरचं नाव

परवा पोह्यांचा स्टीलचा डबा घासताना झाकणावरची अक्षरं बोटांना लागली: सुनंदा. या घरात मला त्या नावाने कोणी हाक मारत नाही.

लग्नात माझं नाव बदलून मधुरा ठेवलं. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. पहिल्याच रविवारी सासूबाई मला नाशिक दाखवायला निघाल्या. रविवार कारंजापासून त्या पुढे, मी मागे. "हा मेन रोड. भाव केल्याशिवाय काही घ्यायचं नाही. हा दहीपूल, पण इथे दही शोधू नकोस." उदबत्त्या, भेळ आणि रिक्षांचा धूर यांचा मिळून एकच वास येत होता.

भांडीबाजारात त्यांनी हा डबा घेतला. नाव घालणाऱ्याने मशीन सुरू करत विचारलं, "काय टाकू, मावशी?"

"सुनंदा."

"आई, मी आता मधुरा," मी हळूच म्हणाले.

"त्या नावाने सगळे हाक मारतीलच. हे एका तरी भांड्यावर राहू दे."

मला वाटलं, बाई नाव विसरल्या आणि आता सारवासारव करताहेत. डबा पिशवीत टाकून आम्ही निघालो, तेव्हा मी सहज विचारलं, "तुमचं माहेरचं नाव काय होतं?"

त्या गर्दीतून वाट काढत होत्या. "हा सराफ बाजार," त्या म्हणाल्या. "जपून चाल, इथे उतार आहे."

त्या गेल्यावर मी माळ्यावरची सगळी भांडी काढून पाहिली. प्रत्येकावर सासऱ्यांचं नाव होतं.