अ ते ह

आमच्या बीडच्या कचेरीत कुठलाही नवा फॉर्म तपासायला आला, की सत्यभामाताई नावाच्या रकान्यात आधी एकच नाव टाकत: मीनाक्षी. ते स्वीकारलं गेलं की मग वय उणे पाच, मोबाइल अकरा आकडी, तारीख तीस फेब्रुवारी, असली वेडीवाकडी माहिती भरून फॉर्म फसतो का ते बघत. आम्ही चौघं कोड लिहायचो आणि ताई आमच्या चुका काढायच्या. चूक सापडली की त्यांचा चेहरा खुलायचा.

त्या दिंद्रुडच्या. तिथं टायपिंग शिकवायच्या. मुलाखतीला आल्या तेव्हा साहेबांनी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "पोरींच्या वसतिगृहाचा फॉर्म तुमीच केलता ना?" साहेब मोठ्या अभिमानानं हो म्हणाले. "मंग मला हितंच काम पायजे," ताई म्हणाल्या. साहेबांना वाटलं, कौतुक चाललंय.

खरं कारण मला पहिल्याच आठवड्यात डबा खाताना कळलं. मीनाक्षी त्यांची मुलगी. दहावीनंतर बीडला शिकायचं म्हणून शेवटच्या दिवशी वसतिगृहाचा फॉर्म भरायला बसली, आणि पडद्यावर लाल अक्षरं आली, ‘नाव अवैध आहे’.

"सात येळा टाकलं," ताई म्हणाल्या. "पोरगी इचारती, आई, माझं नाव कावून अवैध? काय सांगू मी तिला?"

मुदत संपली. वसतिगृह नाही म्हणून कॉलेज नाही. पोरगी पाटोद्याला मामाच्या कापडदुकानात उभी राहिली.

नाव तपासणारी कोडची ती ओळ मी लिहिली होती. नावात फक्त अक्षरं चालावीत म्हणून मी ‘अ ते ह’ एवढंच मान्य केलं होतं. संगणक काना, मात्रा, वेलांटी वेगळी धरतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझं नाव मदन. तेच टाकून पाहिलं, चाललं, आणि मी घरी गेलो. पुढं तक्रारी आल्या तेव्हा ओळ गुपचूप दुरुस्त केली. ताईंना मात्र मी काही बोललो नाही. भ्यालो, दुसरं काय.

त्यांच्यासारखा डूख धरणारं माणूस मी पाहिलं नाही. "रकान्यानं खुशाल न्हाई म्हनावं. पन कावून न्हाई, ते सांगावं," हे त्यांचं पालुपद. एकदा साहेबांनी तपासणी न करताच एक फॉर्म ग्राहकाला दाखवायला घेतला. ताईंनी सगळ्यांसमोर जन्मतारीख उद्याची टाकली आणि फॉर्मनं ती निमूट घेतली. "साहेब, हे लेकरू उद्या जन्मनार हाय, आन आज पदवीधर हाय," असं म्हणून त्या शांतपणे चहा पीत बसल्या. काम हातचं गेलं. साहेबांची उतरलेली मान बघून मला, खरं सांगतो, बरं वाटलं. राग तिकडं निघत होता तोवर मी सुरक्षित होतो. त्यांच्या धाकानं मी काम मात्र नीट करायला शिकलो.

दोन वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी खण आवरता आवरता म्हणाल्या, "सर, कोडच्या हर ओळीवर लिहिनाराचं नाव ऱ्हातंय. मी पयल्याच दिवशी बघितलंय."

मी खुर्चीतून उठलो.

"दोन वर्सं तुमच्या म्होरं तिचं नाव टाकलं. कवा बोलताल ते बघत होते."

मी हात जोडले. मीनाक्षीचा नंबर द्या, एकदा तिची माफी मागतो, म्हणालो. माझे डोळे भरून आले होते. त्यांचे कोरडे होते.

"न्हाई," ताई म्हणाल्या. "तिला वाटतंय, मशीन बिघडली व्हती. मानसानं केलं आन वर दडवलं, हे तिला कळू द्यायचं न्हाई मला." त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. "आन माफी मागितली की तुमी मोकळे व्हताल. ते मी व्हऊ देनार न्हाई."