सगुणाबाय पहिल्या रांगेत बसते

बाळकुमच्या सगुणाबायने आजवर किती लग्नं गायली, ते तिचं तिलाही सांगता येणार नाही. आगऱ्यांच्या लग्नात नुसत्या भटजीवर भागत नाही, धवलारीण लागते. ती धवळे गाते आणि त्या गाण्यातूनच घरच्या बायांना कळतं, की आता पाट मांडा, आता हळद लावा, आता नवऱ्याच्या बहिणीला बोलवा. हे सगळं देवाधर्माचं आटोपलं, की तीच बाई कमरेला पदर खोचते आणि समोरच्या वऱ्हाडाला नावं ठेवायला बसते. विहिणीचं नाक, मामाची टोपी, करवलीचा नखरा, काही सुटत नाही. जागच्या जागी गाणं जोडायचं आणि समोरच्या बायांनी तसंच गाण्यात उत्तर द्यायचं. उत्तर चढं निघालं तर सगुणाबाय स्वतः उठून त्या बाईला मिठी मारायची. बाळकुमात नुसत्या इमारती उभ्या राहिल्या, भाताची खाचरं गेली, पण सगुणाबायचं तोंड होतं तिथंच होतं.

ते बंद पडलं गेल्या मार्गशीर्षात, तिच्या सख्ख्या भाच्याच्या लग्नात.

भाऊ मारुती, त्याचा मुलगा सूरज. मुलगी शिवानी, दिवा गावची. सूरजनेच ठरवलेलं लग्न. मुलीकडचे महाडकडून आलेले, दिव्यात चौथ्या मजल्यावर राहणारे, त्यांना ही गाण्याची रीत माहीत नव्हती. मुलीची आई नंदा हॉलवर पोचली तीच दीड तास उशिरा, घामाघूम. सगुणाबायने तिला दारातच धरलं.

*विहीन आयली गो, दिव्याचे गावाची*
*न्हायली नाय गो, पावनी तीन दिसांची*

बाया खिदळल्या. नंदाचा हात आपोआप गजऱ्याखालच्या केसांवर गेला. तो जायला नको होता, कारण मग सगळ्यांच्या लक्षात आलं. तिच्या इमारतीला खरंच तीन दिवस पाणी नव्हतं. त्या सकाळी टँकर आला तेव्हा पोरीची आंघोळ झाली आणि आईसाठी काही उरलं नाही. पुढचं सगळं लग्न नंदा डोक्यावर पदर घेऊन एका खांबाशी बसून राहिली. फोटोलाही तिने पदर काढला नाही.

नंतर मारुती बहिणीला म्हणाला, एकदा जाऊन माफी माग. सगुणाबाय ठाम. माफी कसली? रीत आहे. मला काय ठाऊक होतं का, हिच्या नळाला पाणी नाही म्हणून? तिला ठाऊक नव्हतं हे खरंच होतं, पण तेव्हापासून तिने एकही लग्न घेतलं नाही. कुणी विचारलं तर घसा बसलाय म्हणायची.

आता शिवानीला सहावा लागला होता. पुढच्या महिन्यात ओटी भरायची होती, आणि मारुतीच्या घरात ओटी म्हणजे सगुणाचं गाणं, हे आजीच्या वेळेपासूनचं. शिवानीने शांतपणे सांगून टाकलेलं, की आत्या गाणार असतील तर आई येणार नाही, आणि मी तिच्यावर जबरदस्ती करणार नाही. लेकीच्या ओटीला आई नाही, असं कसं चालेल? आणि सगुणाबाय भावाच्या घरात मुकी बसून राहील, हे तरी कसं चालेल? मारुती दिवसाआड फोन करायचा. तुझं काय ते ठरव. सगुणाबाय म्हणायची, आल्यावर सांगते.

आल्यावर म्हणजे आयर्लंडहून. तिची मुलगी कल्पिता तिकडे कॉर्क नावाच्या गावी नर्स आहे. तिने आईला दोन महिन्यांसाठी नेलेलं. एकसष्ट वर्षांच्या सगुणाबायचं तिकडे एकच काम, विचारणं. शेजारणीचं कुत्रं स्वेटर घालतं, तो धुतं कोण? दुकानात मासे डोकं काढून ठेवतात, मग डोकी जातात कुठे? कल्पिताने पहिल्या आठवड्यात उत्तरं दिली, नंतर हात टेकले.

एका कार्यक्रमाची तिकिटं होती मुळात कल्पिता आणि जावयाची. जावयाची ड्युटी बदलली आणि एक तिकीट उरलं. सगुणाबायने विचारलं, काय असतं तिथे? कल्पिता म्हणाली, स्टँडअप. एकटा माणूस उभा राहतो, स्वतःला आणि लोकांना नावं ठेवतो, लोक हसतात.

"तिकीट काढून?"

"हो, तिकीट काढून. पण आये, सगळं इंग्लिशमध्ये असतं. शिव्या पण देतात. तुला काय समजणार?"

"शिव्यांना काय समजाचं हाय? त्या कानान शिरल्या की कलतात."

असं म्हणत सगुणाबायने लुगड्यावर जावयाचं जाकीट चढवलंसुद्धा.

रविवारची दुपार होती, पाचचा कार्यक्रम. एका दारूच्या गुत्त्यावरची खोली, पण गुत्ता असा की आत म्हातारे-कोतारे लेकरं घेऊन जेवत होते. याबद्दल तिने दोन प्रश्न विचारले. वर साठेक खुर्च्या, विटांची भिंत, एक माइक, एक स्टूल, स्टुलावर पाण्याचा ग्लास. ढोलकी नाही, पेटी नाही, साथीला बाया नाहीत. लोक मागून भरत आलेले आणि पहिली रांग अख्खी रिकामी.

सगुणाबाय सरळ जाऊन तिथे मधोमध बसली.

कल्पिताने पदर ओढला. तिथे बसायचं नसतं, पुढच्यांनाच तो पकडतो, म्हणून तर सगळे मागे बसलेत, ऊठ.

"गानारीच्या पुढची रांग रिकामी ठेवाची?" सगुणाबाय खुर्चीत आणखी सावरून बसली. "आपलेकरं असं केलं तर ती तशीच उठून घरा जाईल."

कल्पिता आईच्या शेजारी अंग चोरून बसली.

आलेला माणूस पन्नाशीचा, लालसर दाढीचा, पोट सुटलेला. शर्टाचं मधलं बटण तुटलेलं. आल्या आल्या त्याने स्वतःच ते भोक बोटाने दाखवून काहीतरी म्हटलं आणि खोली हसली. सगुणाबायच्या मनात आलं, घरी बाई नसेल. मग वाटलं, नाही, मुद्दाम तोडलेलं दिसतंय. आधी मला हसून घ्या, मग मी तुमच्याकडे येतो. ही युक्ती तिला ओळखीची होती. ती स्वतः हळदीला पहिलं गाणं आपल्या पडलेल्या दातावरच गायची.

कल्पिता कानात भाषांतर करत होती. तो म्हणतोय की त्याची बायको त्याला सोडून गेली आणि जाताना कुत्रा ठेवून गेली, पण कुत्रा बायकोच्या बाजूने आहे.

"खरंच गेली?"

"माहीत नाही गं. जोक आहे तो."

"असा कसा जोक? गेली का नाय गेली?"

मागून कुणीतरी श्श केलं. सगुणाबायने मुलीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सांगितलं, तू आता गप, मला बघू दे.

आणि मग ती नुसती बघत राहिली. शब्द कळत नव्हते म्हणून तोंडं दिसायला लागली. हळदीला ती कधी असं बघू शकली नव्हती. तिथे पुढची ओळ जोडायची घाई, बायांचा गलका, आणि आताशा वरून डीजे. इथे तिला फुरसत होती. तो माणूस हसवण्याआधी अर्धा क्षण थांबतो. हसू मागून पुढे येतं, पुढून मागे जात नाही. आणि तो बोलतो एकाशी, पण डोळा त्या माणसाच्या शेजारी बसलेल्या बायकोवर ठेवतो.

तो लोकांत आला. एका पोराला उभं केलं, काही विचारलं, पोराने सांगितलं, पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं, मग एकच वाक्य टाकलं आणि पोराचे मित्र खुर्चीतून घसरले. मग एक जोडपं. परत तेच, विचार, विचार, विचार, मग टाक.

"यो सारखा काय इचारतंय गो?"

कल्पिता म्हणाली, हेच, नाव काय, कुठून आलात, काम काय करता, बरोबर कोण आहे.

"सगल्यांना?"

"सगळ्यांना. त्याशिवाय त्याला मटेरियल कुठून मिळणार?"

पूर्वी सगुणाबायही विचारायची. लग्नाच्या आदल्या दिवशी पान-सुपारी घेऊन विहिणीच्या घरी एक फेरी असायची. ओट्यावर बसायचं, चहा प्यायचा आणि घरातल्या एखाद्या म्हातारीला हळूच विचारायचं, काय बोलू आणि काय नको? म्हातारी सांगायची, धाकटीचं नाव घेऊ नको, तिला मूल नाही. आजोबाच्या दारूवर बोल, त्याला आवडतं. आता लग्नं हॉलवर, ठरतात फोनवर. ती फेरी कधी सुटली, ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. दिव्याला ती गेलीच नव्हती. आपल्याला आता काय विचारायची गरज, असंही कुठेतरी वाटलं असेल.

तेवढ्यात समोर काहीतरी बिनसलं. कोपऱ्यातल्या एका चाळिशीच्या बाईला त्याने अंगठीकडे बोट करून विचारलं आणि तिने जे सांगितलं त्याने मागच्या रांगाही गप्प झाल्या. सगुणाबाय खुर्चीच्या कडेला आली. आता हा काय करतो?

तो पुढे पळाला नाही. छातीवर हात ठेवून तिच्यासमोर उभा राहिला, मग हळू आवाजात काहीतरी म्हणाला. ती बाई डोळे पुसत इतकी हसली, की शेजारणीने तिला धरलं.

"सांग, लवकर सांग."

"तिचा नवरा गेल्या वर्षी वारला," कल्पिता म्हणाली. "तर हा म्हणाला, बाई, एका वर्षात तुझ्यावर दोन संकटं आली. दुसरं मी."

सगुणाबायने मांडीवर थाप मारली. तिच्या धंद्यात अशा थापेचा अर्थ एकच, वा.

ती थाप त्याला ऐकू गेली असावी. तो वळला. लुगडं, जाकीट, कपाळावरचं गोंदण, सगळं त्याने बघून घेतलं. नाव विचारलं. त्याचं कुणी भाषांतर करायची गरज पडली नाही. "सगुना," ती म्हणाली, आणि गावही सांगून टाकलं, "बालकुम." जसं काही कॉर्कातून बाळकुमला सरळ बस जाते. काम काय, याचं उत्तर कल्पिताने दिलं. भीत भीत म्हणाली, ही लग्नात गाऊन पाहुण्यांचा अपमान करते, चाळीस वर्षं.

खोली उसळली. दाढीवाल्याने डोळे मोठे केले, माइक काढला आणि गुडघ्यावर बसून तिच्या तोंडापुढे धरला. कल्पिता म्हणाली, तो म्हणतोय, आता माझा करा.

साठ माणसं थांबली. सहा महिन्यांत सगुणाबायपुढे कुणी असा माइक धरला नव्हता. बटणाचं भोक समोर होतं, पोट होतं, पळालेली बायको होती, कुत्रा होता. चार ओळी जिभेवर येऊन बसल्या. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली,

"त्याला इचार, आय हाय का?"

कल्पिताने विचारलं. तो जरा गडबडला. आहे, म्हणाला. समुद्रकाठी एका खेड्यात असते.

"तिनं कवा बघलंय का याला, असं लोकांम्होरं?"

नाही, म्हणाला. कधीच नाही. ती म्हणते, तू माझ्याबद्दल खोटंनाटं सांगतोस.

लोक हसले, पण तो हसला नाही. सगुणाबायने माइक हळूच त्याच्याकडे परत सरकवला.

"मग नाय. याचे घरची कोनी बाई हितं नाय. घरच्यांना इचारल्याबिगर मी कोनाला नाव नाय ठेवत."

हे तिच्याच तोंडून बाहेर पडलं आणि ती तशीच थांबली. कल्पिताने भाषांतर केलं. दाढीवाला उठला, माइक जागेवर लावला आणि लोकांना म्हणाला, वीस वर्षं या धंद्यात आहे, आजवर कुणी माझ्या आईची परवानगी मागितली नव्हती. टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. सगुणाबायला त्या ऐकू आल्या की नाही कोण जाणे. उरलेला कार्यक्रम ती बघत होती, पण विचारत नव्हती. येताना बसमध्ये कुत्रं स्वेटर घालून बसलेलं, त्यावरही एक प्रश्न नाही. कल्पिताला काळजी वाटली, बरं वाटत नाही का म्हणून तिने कपाळाला हात लावून पाहिला.

सोमवारी सकाळी कल्पिता कामाला जायच्या आत सगुणाबायने तिला फोन लावून द्यायला सांगितलं. मारुतीला नाही, नंदाला. दिव्यात दुपार झाली असेल. कल्पिताने स्पीकर चालू केला आणि फोन ओट्यावर ठेवून बाजूला झाली.

नंदाने आवाज ओळखला. सगुणाबायने तिची तब्येत विचारली, शिवानीची विचारली. एका शब्दात उत्तरं आली. मग तिने पदर सारखा केला, जसं काही समोर बसलीय.

"विहीनबाय, मी लग्नाचे आदी तुझे घरा याला पायजे व्हती. आयली नाय. चूक माझी. आता वटीला काय गाऊ आन् काय नको, ता इचाराला फोन केलाय. गाऊच नको बोललीस तरी चालंल. मी मागं बसून भाकऱ्या भाजीन."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. कल्पिताला वाटलं, ठेवलाच फोन. पण नंदा होती.

"तुमच्या त्या गाण्यानंतर आमच्या चाळीस बिऱ्हाडांत मला काय नाव पडलंय माहितीये? तीन दिसांची."

सगुणाबायने फोन जवळ ओढला.

"गा तुम्ही," नंदा म्हणाली. "पाण्यावरच गा. पण फोनवर विचारून नाही चालायचं. घरी या. चार माळे हंडा चढवा माझ्याबरोबर, मग काय सुचतंय ते गा."

"लिफ्ट नाय?"

"आहे ना. बंद आहे."

"पानी किती वाजता येतं?"

"आलं तर पहाटे चारला."

सगुणाबायने मान हलवली, फोनमध्ये ती दिसत नाही हे विसरून. मग म्हणाली,

"तर मग आदले दिवशीच येतंय. मुक्कामाला. मना एक हंडा काढून ठेव, जरा बारका."