टर्नर, बायको आणि लाल दिवा

आधी रेकॉर्डरवर गिटार भरली होती. तिच्यावर टर्नरने माउथऑर्गन वाजवला, हेडफोन लावून दोन्ही एकत्र ऐकलं, आणि ऐकता ऐकता तो खुर्चीतून उठला, बसला, पुन्हा उठला.

"मुंगी चावली का?" बायकोने शिलाई मशीनवरून विचारलं.

"अगं, दोन्हीकडे मीच आहे. एकमेकांना सांभाळून घेतोय."

"जन्मात पहिल्यांदाच कुणाला तरी सांभाळून घेताय म्हणायचं."

उभा जन्म त्याने लेथवर लोखंड कातण्यात घालवला. नावाने कुणी हाक मारत नसे. सगळ्यांचा तो टर्नरच. निवृत्त झाल्यावर मुलीने हा रेकॉर्डर पाठवला. जेवणाच्या डब्याएवढा. कॉम्प्युटरची गरज नाही. आत चार ट्रॅक, म्हणजे चार कोऱ्या पट्ट्या. एकीवर एक वाद्य भरायचं, ते ऐकत दुसरीवर दुसरं. जिच्यावर आवाज घ्यायचा तिचं बटण दाबायचं, म्हणजे तिथे लाल दिवा लागतो.

खटाटोप एका चालीसाठी होता. बायको शिवताना एक बिनशब्दांची चाल गुणगुणायची. लहानपणी मुलगी ती चाल ऐकतच झोपायची. आता मुलीला बाळ झालं होतं आणि ते काही केल्या झोपत नव्हतं. "बाबा, आईची चाल पाठवा," ती म्हणाली. "फोनवर म्हण म्हटलं की लाजते."

टर्नरने कामाला सुरुवात केली ती कारखान्यात करावी तशी. माउथऑर्गनचा एक सूर घसरला तरी पुन्हा पहिल्यापासून.

"त्यात दुरुस्तीची सोय आहे म्हणे," बायको म्हणाली.

"जास्त कातलेलं लोखंड परत चिकटतं का? एका फटक्यात नीट झालं पाहिजे."

ओठ सोलवटले, पण शेवटी मनासारखं वाजलं. राहिली बायको.

"एकदाच म्हणेन," तिने बजावलं. "जमलं तर जमलं. तुमच्या हौसेला मोल नसेल, माझ्या घशाला आहे."

त्याने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, माइक उभा केला. ती समोर ताठ उभी राहिली. आवाज काही फुटेना. ती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

"हात रिकामे असले की येतच नाही हो."

टर्नरने शिलाई मशीनकडे पाहिलं. ज्या खडखडीपासून माइक वाचवायचा होता, ती हीच.

"मग बस मशीनवर."

"आवाज येईल ना तिचा."

"येऊ दे. तू शिवण सरळ घाल म्हणजे झालं."

तिने हेडफोन घातला, कापड सुईखाली सरकवलं आणि पेडल दाबलं. मशीनने गिटारचा ठेका धरला. आणि मग चाल आली, मोकळी, जशी रोज यायची तशी. टर्नरच्या अंगावर काटा आला. ठेका धरणारं कुणी मिळेल का, म्हणून तो दोस्तांना विचारत फिरला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

शिवण आणि गाणं एकदमच संपलं. त्याने उत्साहाने सगळं एकत्र लावून ऐकलं. गिटार आली. मशीन आली. बायकोचा आवाज आला, सोन्यासारखा. माउथऑर्गन आलाच नाही.

लाल दिवा दुसऱ्या ट्रॅकवर होता. माउथऑर्गनच्या ट्रॅकवर. गिटारनंतर ते बटण मुलीने फोनवर सांगून दाबून घेतलं होतं. तेव्हापासून त्याने हात लावला नव्हता. लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, घट्ट बसवलेला तुकडा काम पुरं होईपर्यंत सैल करायचा नाही, हे हातांना पक्कं ठाऊक. तेच नडलं. बायकोचा आवाज त्याच्या वाजवण्यावर चढला आणि ते पुसलं गेलं.

एक मागे फिरवणारं बटण होतं. दाबलं की शेवटचं भरलेलं जातं आणि आधीचं परत येतं. माउथऑर्गन परत आला असता. बायको गेली असती. आणि ती एकदाच म्हणणार होती.

बटणावरचं बोट त्याने उचललं. तिसऱ्या ट्रॅकचा दिवा लावला, "तीन" असं मोठ्याने म्हणून खात्री केली आणि माउथऑर्गन ओठांना लावला. आधी तो मापात वाजवत होता. आता बायको पुढे होती. ती श्वास घेई तिथे तो थांबे, ती वळे तिथे वळे. पहिल्याच फटक्यात जमलं. इतक्या कमी कष्टात जमलं, याचं त्याला जरा वाईटच वाटलं.

"ऐक," म्हणत त्याने हेडफोन तिच्या कानांवर चढवला.

ती ऐकत असताना तिचा पाय पेडलवर नुसताच हलत होता. संपल्यावरही तिने हेडफोन काढला नाही.

"मघाशी तुमचा चेहरा का पडला होता?"

"दिवा चुकला. माझं पहिलं वाजवणं पुसलं गेलं."

"मग हे चांगलंय की." तिने कापड पुन्हा सुईखाली सरकवलं. "मधे मी जरा घाई केलीय. चौथी पट्टी रिकामी आहे ना?"

"आहे. पण तू तर एकदाच म्हणणार होतीस."

"ते उभं राहून. दिवा नीट बघून लावा," ती म्हणाली. "थांबा, दोरा संपलाय. भरून घेते."