पहिलं पान ड्रॉवरमध्ये

“बारावीतलं बारावीत राहू द्या मॅडम,” असं म्हणत वानखडे सरांनी अर्ज माझ्याच टेबलावर परत सरकवला. “बारावीचं लेकरू काय वायरिंग करन? इथं डिग्री शिकवून राह्यलो आपण.”

सर आमच्या कॉलेजात इलेक्ट्रिकल कोर्सचे प्रमुख. मी परीक्षा विभागात. अर्ज होता अमडापूरच्या प्रतीक्षाचा. नुकतीच फर्स्ट इयरला आलेली पोरगी. अकरावी-बारावीला तिने सायन्ससोबत द्विलक्ष्यी विषय घेतला होता, म्हणजे दोन नेहमीच्या विषयांऐवजी एक धंद्याचा विषय. तिचा इलेक्ट्रिकल मेंटेनन्स. दोन वर्षं तिने स्विचबोर्ड भरले, मोटारी खोलल्या.

आता क्रेडिटचं सांगते. क्रेडिट म्हणजे शिकण्याचं माप. विषय पास झालात की त्याचे क्रेडिट तुमच्या नावावर जमा होतात, पुरेसे झाले की डिग्री. आधी शिकून आलेला विषय आमच्या विषयाच्या तोडीचा आहे, असं विभागप्रमुखाने लिहून दिलं, तर त्याचे क्रेडिट थेट मिळतात. तो विषय पुन्हा करावा लागत नाही. नियम छान आहे. फक्त आमच्याकडे तो कोणी वापरला नव्हता.

प्रतीक्षा दाराशीच उभी होती. सर गेल्यावर आत आली.

“मॅडम, चिखलीच्या वर्कशॉपात मोटार रिवायंडिंगले अप्रेंटिस घेऊन राह्यले. सोमवार-मंगळवार दिवसभर पाहिजे म्हणतात. अन् त्याच दिवशी इथं वायरिंगचं प्रॅक्टिकल. जे मी शिकून आली तेच पुन्हा काऊन शिकू? येत्या सोमवारी कागद नाही नेला, तं जागा गेली.”

त्या दिवशी बुधवार होता. मला सरांचा मनापासून राग आला. पण विभागप्रमुखाशी भांडून सही मिळत नाही, हे मी वीस वर्षांत शिकले आहे.

आमच्याकडे फर्स्ट इयरच्या अभ्यासक्रमाचे मसुदे अभिप्रायासाठी विभागप्रमुखांकडे फिरतात. अशा वेळी वानखडे सरांच्या अंगात येतं. लाल पेन घेऊन ते एकेक ओळ वाचतात आणि हमखास कापतात. मी बारावीच्या द्विलक्ष्यी विषयाचा अभ्यासक्रम झेरॉक्स केला, वर ‘कृपया अभिप्राय द्यावा’ अशी चिठ्ठी लावली आणि पाठवून दिला. पहिलं पान, ज्यावर इयत्ता लिहिलेली असते, ते तेवढं माझ्या ड्रॉवरमध्ये राहिलं. राहतं कधीकधी.

शुक्रवारी कागद लालेलाल होऊन परत आले. तीन युनिट कापलेली. थ्री-फेज मोटारीपुढे ‘हे सेकंड इयरला ठेवा’. खाली सहीनिशी शेरा: ‘फर्स्ट इयरच्या मुलांना झेपणार नाही.’

शनिवारी सकाळी मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. सरांनाही बोलावून घेतलं.

“सर, हा शेरा तुमचाच ना?”

“हो मंग. कोणं बनवला हा मसुदा? लेकरं मारता का?”

मी बारावीचं ते पहिलं पान टेबलावर ठेवलं, शेजारी प्रतीक्षाचा अर्ज. प्राचार्यांनी ते वाचलं, शेरा वाचला, पुन्हा पान वाचलं.

“वानखडे, ही पोरगी हे सगळं शिकून आली. मंग आपण तिले फर्स्ट इयरले काय शिकवून राह्यलो?”

वानखडे सर माझ्याकडे बघत राहिले. मी खिडकीबाहेर बघत होते.

“कागदावर कोणीबी शिकते,” ते शेवटी म्हणाले. “मी टेस्ट घेतो तिची.”

घेतली. स्वतः बोर्डात दोन फॉल्ट करून ठेवले. तिने तीन काढले. तिसरा कुणी केला होता ते सरांनाच ठाऊक नव्हतं. तिथल्या तिथे त्यांनी सही केली, आणि सोमवारी प्रतीक्षा कागद घेऊन वर्कशॉपात हजर झाली. मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात पेढे वाटले.

पेढे जरा लवकरच वाटले. गुरुवारी माझ्या टेबलापुढे द्विलक्ष्यीचे अकरा जण उभे होते, अकराही जणांच्या हातात तोच अर्ज. वानखडे सरांनी सगळ्यांची टेस्ट घेतली, नऊ जणांना सही दिली आणि म्हणाले, “मॅडम, आता माझी प्रॅक्टिकलची बॅच अर्धी झाली. टाइमटेबल नवं बनवा.”

पंधरा दिवस मी तेच करत होते. तेव्हा कळलं, इतकी वर्षं तो नियम कोणी का वापरला नव्हता. एकाचं काम नियमाने केलं, की मग ते सगळ्यांचं करावं लागतं.