धोंडीबा आबांचं बोलावणं

आमच्या शेजारच्या धोंडीबा आबांना मरणाचं बोलावणं मीच धाडलं.

झालं असं, की दौंडच्या आम्हा मास्तरांच्या हौशी नाटकात मला भुताची भूमिका मिळाली. वाक्य एकच, "धोंडीऽऽ, चल... न्यायला आलोय!" (हा धोंडी नाटकातला नायक. पण हे नंतर ऐकून कोण घेतो!) घरात तालीम सुरू केली, तर बायको म्हणाली, "अवो, पोरं दचकत्यात. काय वराडायचं ते उसात जाऊन वराडा!"

गेलो. तिन्हीसांजेची वेळ. ऊस डोक्याच्या वर, वारा पडलेला, तरी आत कुठंतरी पाचट करकरत होतं. मी पोटातून आवाज काढला, "धोंडीऽऽ..."

उसापलीकडून बारीक आवाज आला, "ओऽऽ..."

भूत मी होतो, आणि पळालोही मीच!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं, आबांनी अंथरूण धरलंय, अन्नाला शिवत नाहीत. धावत गेलो. लेकी कुरकुंभहून, यवतहून येऊन रडत बसलेल्या. आबांनी माझा हात धरला. त्यांचा हात थंडगार होता.

"गुरुजी, काल उसातनं हाक आली. तिन्हीसांजेला तिसऱ्या हाकेबिगर ओ द्यायची नसती, ठाव हाय मला. पर मी पहिलीलाच दिली वो! आता न्हाई सुटत मी."

"आबा, अहो, ते नाटक होतं..."

"नाटक न्हाई करीत मी!" आबा कळवळले. "तुमी शिकलेलं हायसा. तिथं उसात जाऊन इचारा, नातीच्या लग्नापातुर थांबतो का म्हनावं."

खरं सांगणारच होतो, पण थोरल्या जावयाच्या हातात कोयता दिसला. (तो वैरण तोडून आला होता, पण मला काय माहीत!) मग ठरवलं, आत जायचं, भुताच्या आवाजात "थांबतो" म्हणायचं. आबाही वाचतील, मीही वाचेन.

उसात शिरलो. अंगणात सगळे कान देऊन उभे. मी तोंड उघडलं, आणि अगदी माझ्या मानेजवळ कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं, "दिगंबरऽऽ... चल!"

माझं नाव! चप्पल उसात टाकून "आई गंऽ" करत मी थेट आबांच्या गोधडीत शिरलो.

आबा ताडकन उठून बसले. "आरं तिच्या! बोलावणं गुरुजींचं हाय व्हय? सूनबाई, भाकरी टाक गं, लई भूक लागली!"

तेवढ्यात उसातून बायको आली. हातात माझी चप्पल.

"आबांचं बोलावणं दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर करायलाच पायजे हुतं," ती माझ्या कानात म्हणाली. "पर तुमी आवाज वळखला न्हाई व्हय माझा?"

कसा ओळखणार? लग्नातल्या उखाण्यानंतर हिनं माझं नाव कधी तोंडातून काढलंच नव्हतं!

नाटकात आता भूत हीच आहे. मी पडदा ओढतो, आणि हिनं "अवो" म्हटलं, की पहिल्याच हाकेला ओ देतो.