पोपटाने शिकवलेलं ‘डू’

त्या पोपटाचं नावही माझ्यासमोर काढू नका. हिरवा, गुबगुबीत, डोळा मारणारा. ताईच्या मोबाइलवर तीनशे बारा दिवस ठाण मांडून बसला आणि शेवटी त्याने तिचाच पोपट केला.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. इस्पितळात नर्स, म्हाताऱ्या पुरुषांच्या वॉर्डात. सतरा वर्षं झाली, अजून हंगामीच. जर्मनीतल्या एका इस्पितळाला कायमच्या नर्सेस हव्या होत्या. अटी दोन: जर्मन बोलता यावं आणि वय पंचेचाळिशीच्या आत असावं. ताई चव्वेचाळीसची. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

क्लासच्या वेळा ड्यूटीशी जुळेनात. मग नेट. सगळं फुकट आहे की, असं जो तो सांगायचा. काय घाण भरली आहे तिथे, ते मी शेजारी बसून पाहिलं. एक दात विचकणारा मास्तर ‘तीस दिवसांत फाडफाड जर्मन’ म्हणून सुरू व्हायचा आणि वीस मिनिटं स्वतःची बाल्कनी दाखवायचा. शब्दांची यादी उतरवून घ्यायला गेलं की पोट कमी करायच्या जाहिराती. बोलायच्या सरावाला एक ‘मित्र’ भेटला, तो तिसऱ्याच वाक्याला म्हणाला, फोटो पाठव. ताईने फोन साबणाच्या फडक्याने पुसला. खरंच पुसला.

राहता राहिला पोपट, म्हणजे भाषा शिकवणारं एक ॲप. त्यातल्या त्यात सभ्य. शिकवायचा तोही इंग्रजीतूनच, मराठीची त्याला काय पडली आहे. ताई बसस्टॉपवर, चहा उकळेपर्यंत, कपडे वाळत घालताना पुटपुटत असायची. अर्थ विचारला तर, माझं अस्वल चीज खातं.

"वॉर्डात अस्वल भरती होणार आहे का?" मी विचारलं.

"शिकू दे की गं," ती म्हणायची.

एक दिवस चुकला की पोपट ढसाढसा रडायचा. तापाने फणफणलेली असतानाही तिने त्याला रडू दिलं नाही.

मुलाखतीला तिकडून दोघं आले, एक बाई आणि एक पिकल्या केसांचे डॉक्टर. डॉक्टर पेशंट होऊन खुर्चीत बसले आणि गोळी घेणार नाही म्हणून अडून राहिले. ताईने त्यांची समजूत घालायची होती. बाहेर आली ती फुललेली. "एकदाही अडखळले नाही," म्हणाली.

आठवड्याने पत्र आलं. भाषा उत्तम, परंतु वृद्ध रुग्णांशी उद्धटपणे बोलतात, सबब निवड नाही.

उद्धट? ही बाई बेशुद्ध माणसालाही ‘आजोबा, जरा कूस वळवते हं’ असं सांगते. झाडूवाल्या मामांना अहोजाहो करते. माझं टाळकंच सरकलं. ओळख काढून एक दुभाषी बाई गाठल्या आणि ताईला त्यांच्यापुढे बसवलं.

"डॉक्टरांना नेमकं काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. ताईने म्हणून दाखवलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

‘डू’ म्हणजे तू. परक्यांना, मोठ्यांना ‘झी’ म्हणायचं, म्हणजे तुम्ही. पोपटाने इंग्रजीतल्या ‘यू’ला सरसकट ‘डू’ शिकवलं होतं. अस्वलाशी आणखी काय बोलणार म्हणा. सत्तरीच्या माणसाला माझी ताई दहा मिनिटं सांगत होती, अरे, घे ना गोळी, ऐक माझं, शहाणा ना तू.

एका वाक्याचं काम होतं हो. तू आणि तुम्ही आपण बोलायला लागल्यापासून पाळतो. बाई गं, तिकडेही अहोजाहो असतं, एवढं कुणी मराठीतून सांगितलं असतं तर ती जन्मात चुकली नसती. या सगळ्या फुकट ज्ञानाची मला किळस आली आहे.

घरी आल्यावर ताईला नोकरीची नाही, वेगळीच टोचणी लागली होती. "म्हाताऱ्या माणसाला अरेतुरे केलं मी," एवढंच दोनदा म्हणाली. तेवढ्यात फोन वाजला. पोपट टाळ्या पिटत होता, तीनशे बारावा दिवस, शाब्बास. खाली प्रश्न होता, ‘तुम्ही बरे आहात का’ हे जर्मनमध्ये लिहा, अर्थात इंग्रजीतून विचारलेला. ताईने ‘झी’ घालून लिहिलं. लाल फुली. तिने पुन्हा ‘झी’ लिहिलं. पुन्हा फुली. पाचव्या फुलीला पोपटाने धडा बंद केला आणि गळा काढला.

"पुसून टाक मेल्याला," मी म्हटलं.

ताईने फोन तोंडासमोर धरला. मग, उभ्या जन्मात पहिल्यांदाच मुद्दाम, अगदी स्पष्ट उच्चारात त्याला ‘डू’ म्हणाली आणि पुसून टाकला.